माळावरच्या छत्र्या

कुर्डुवाडीला माणसं उतरतात ती गाडी बदलायला. पुण्या-मुंबईकडून यायचं, फलाटावर चहा घ्यायचा आणि पंढरपूर-मिरज नाहीतर बार्शी-लातूरची गाडी धरायची, हा इथला जुना रिवाज. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रेल्वे टाकली, तेव्हा या स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’ होतं. पुढं ते रूळ पंढरपूरला गेले, लातूरला गेले, १९२७ पर्यंत मिरजेला पोचले. इथं वर्कशॉप उभं राहिलं आणि त्याच्या भोंग्यावर गाव उठू-बसू लागलं. माझे वडील त्या वर्कशॉपात होते. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या आम्हा पोरांना गावाबाहेरचा माळ म्हणजे बोरं, चिंचा आणि उन्हाळी सुट्टी. त्या माळावर मी आता कॅमेरा घेऊन जाते, तेही पावसाळ्यात, आणि जमिनीवर पालथी पडून छत्र्यांचे फोटो काढते. आमच्या भागात यांना सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात. खाण्याजोगी असेल ती अळंबी, बाकी सगळ्या कुत्र्याच्या.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दहापट. त्यामुळं रानातली बुरशी बघायची म्हटलं की लोक आंबोलीचं नाव घेतात, कोयनेचं घेतात, भीमाशंकरला रात्री चमकणारी बुरशी बघायला गर्दी करतात. ती सगळी जंगलं सुंदरच आहेत. पण कोरड्या मुलखातली बुरशी ही वेगळीच जात आहे. तिला ओल थोडे दिवस मिळते आणि तेवढ्यात सगळा संसार उरकावा लागतो. आमच्याकडं पाऊस जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलैत दडी मारतो आणि खरा बरसतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. कधी इतका की झेपत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं काठावरची गावंच्या गावं पाण्यात घातली. बहुतेक वर्षी मात्र दोन-तीन चांगल्या झडी, मधे ऊन, पुन्हा एखादी सर, असं चालतं. झड थांबल्यानंतरचे दोन-तीन दिवस माळावर जावं. त्याआधी काही नसतं आणि त्यानंतर बरंचसं संपलेलं असतं.

यंदा भाद्रपदात अशीच झड झाली. पहाटे भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून निघाले. कुर्डू गावाच्या बाजूला रस्ता सोडला की ऊस आणि डाळिंबाच्या बागा मागं पडतात आणि उघडा माळ लागतो. खाली मुरूम, वर वीतभर माती, त्यात कुसळी गवत, तरवडाची पिवळी फुलं, मधूनच बोरीचं झुडूप, हिवराचं एखादं झाड. कडेला वनविभागानं पूर्वी लावलेली बाभूळ, कडुनिंब आणि सुबाभूळ वाढून चांगलं बन झालं आहे. आषाढात पैठणहून निघालेली नाथांची पालखी कुर्डूवरून पंढरपूरला जाते, त्या वेळी हा सगळा माळ पिवळा-करडा असतो. भाद्रपदात तो हिरवा असतो आणि पायाखाली भुसभुशीत लागतो. गुडघ्याला पोत्याचा तुकडा बांधायचा, डोक्याला फडकं गुंडाळायचं आणि मान खाली घालून चालायचं. चालण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. घाईत चालणाऱ्याला या माळावर दगड दिसतात, दुसरं काही नाही.

सूर्य वर यायच्या आत शेणाकडं जायचं, हा माझा नियम. गुरांच्या वाटेवर पडलेले शेणाचे पो दोन-चार दिवसांत छत्र्यांनी भरतात. नखाएवढ्या टोप्या, केसाएवढे देठ, राखाडी रंग. आठ वाजेपर्यंत ताठ असतात, नऊला टोपीच्या कडा वर वळतात आणि दहाला तिथं काही होतं असं सांगूनही कुणाला पटणार नाही. यातल्या काही जाती स्वतःला वितळवून टाकतात. टोपीच्या खालचे पापुद्रे कडेपासून काळ्या शाईत विरघळत जातात आणि तसतसे वरचे बीजाणू वाऱ्याला मोकळे होतात. फोटोग्राफरला हे अवघड जातं, कारण फोकस नीट होईतो समोरचा जीव बदललेला असतो.

त्याच शेणावर, अजून दव असताना, मॅक्रो लेन्समधून बघितलं तर पायलोबोलस दिसतो. नुसत्या डोळ्यांना ती ओली लव वाटते. लेन्समधून मात्र एकेक देठ वेगळा होतो. उंची दोन-तीन सेंटिमीटर, वर पारदर्शक फुगा आणि फुग्याच्या डोक्यावर काळी कुळकुळीत टोपी. त्या टोपीत बीजाणू भरलेले असतात. फुगा प्रकाश गोळा करतो आणि देठ उजेडाकडं वळतो, म्हणून एका पोवरचे सगळे पायलोबोलस पूर्वेकडं माना करून उभे असतात. आत पाण्याचा दाब वाढत जातो आणि फुगा फुटतो. काळी टोपी दोन मीटरपर्यंत उडते आणि गवताच्या पात्याला चिकटते. तिचा सुरुवातीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपटींहून जास्त मोजला गेला आहे. एवढी धडपड कशासाठी? तर गाय स्वतःच्या शेणाजवळचं गवत खात नाही. बीजाणू पोपासून लांब, ताज्या गवतावर पडले तरच गायीच्या पोटात जाणार, आणि पोटातून गेले तरच पुढच्या शेणात उगवणार. मी त्या सकाळी एका पोसमोर बसून राहिले. काळ्या टोप्या एकेक करून नाहीशा होत होत्या, उडताना एकही दिसली नाही. लेन्सच्या काचेवर मात्र दोन काळे ठिपके येऊन चिकटले. ते मी पुसले नाहीत, त्यांचाही फोटो काढला.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या शब्दानं घराघरात धडकी भरवली होती. म्युकरमायकोसिसची ती बुरशी आणि हा शेणावरचा पायलोबोलस एकाच गणातले, म्युकरेलीस गणातले. तेव्हापासून लोकांना बुरशी म्हटलं की दवाखाना आठवतो. ज्यांची माणसं त्यात गेली, डोळे गेले, त्यांचं दुःख मोठं आहे. पण त्याच गणातला हा चुलत भाऊ शेणाची माती करायच्या कामी लागलेला आहे, हेही माहीत असावं असं मला वाटतं.

ऊन अंगावर यायला लागलं तसे आम्ही वारुळांकडं वळलो. आमच्या माळावर वारुळं भरपूर. नागपंचमीला बायका इथं लाह्या-दूध घेऊन येतात, हळद-कुंकू वाहतात, फेर धरतात. श्रावणात पाऊस लागला असेल तर त्याच दिवसांत वारुळाच्या अंगावर, आसपासच्या गवतात पांढऱ्या अळंब्या फुटतात. हा योगायोग मला लहानपणापासून आवडतो. वारूळ नागाचं म्हणून आपण पूजतो, पण ते बांधतात वाळव्या. आणि वाळव्यांनी ते बांधलं ते बुरशीसाठी.

ही गोष्ट नीट सांगितली पाहिजे. वाळवी सुकं गवत, काटक्या, पालापाचोळा खाते, पण लाकडातलं लिग्निन तिला पचत नाही. म्हणून आमच्या भागात वारुळं करणाऱ्या ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळव्या हा पाचोळा अर्धवट पचवून वारुळाच्या पोटात त्याची सच्छिद्र पोळी रचतात आणि तिच्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवतात. बुरशी ते पचवते, तिच्या अंगावर पांढऱ्या बारीक गाठी येतात, आणि वाळव्या त्या गाठी आणि जुनी झालेली पोळी खातात. आत हवा खेळती ठेवायची, ओल राखायची, दुसरी बुरशी घुसली तर उपटून टाकायची, ही सगळी राखण कामकरी वाळव्या करतात. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. वाळव्यांची ही शेती तीन कोटी वर्षांच्या आसपासची आहे. बुरशीवाचून या वाळव्या जगत नाहीत आणि वाळव्यांवाचून ही बुरशी रानात कुठं सापडत नाही. टर्मिटोमायसिस हे नाव १९४२ साली रोजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं दिलं. पाऊस पुरेसा मुरला की ही बुरशी आतल्या पोळीपासून लांब मुळासारखा देठ वर काढते, माती फोडते आणि छत्री उघडते. म्हणून ही अळंबी उपटताना देठ संपतच नाही, हात-हातभर खाली जातो.

त्या दिवशी सापडली ती या कुळातली लहान जात, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. हिचा देठ खोल जात नाही, कारण वाळव्या स्वतःच पोळीचे तुकडे बाहेर मातीवर आणून पसरतात आणि त्यांच्यावर ही उगवते. वारुळाच्या उतरणीला हातभर जागेत शेकडो छत्र्या. प्रत्येकीची टोपी रुपयाच्या नाण्याहून लहान, मधोमध करडं टोक, कडा फाटलेल्या. मी पोटावर झोपले आणि कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवला. उजवीकडून ऊन कडक येत होतं, म्हणून भाच्याला पांढरा पुठ्ठा धरून सावलीच्या बाजूला उजेड टाकायला सांगितलं. कॅमेऱ्याचा स्क्रीन मोठा करून बघितला तर देठांच्या मधून वाळव्या फिरत होत्या. एकीनं पांढरा कण तोंडात धरला होता. तो फोटो आला, आणि या वर्षीचा माझ्या मते सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.

“ताई, काय हरवलंय का?” मागून आवाज आला. मेंढरं घेऊन निघालेले म्हातारे धनगर होते, खांद्यावर घोंगडं.

“नाही मामा, छत्र्यांचा फोटो काढतीय.”

त्यांनी खाली वाकून बघितलं. “ही व्हय. ही अळंबी. ईजा झाल्या की उगवती. वारुळावरली तेवढी खावी. शेणावरली, उकिरड्यावरली न्हाई खायची. आन् आदल्या दिवशीची आसंल तर वारुळावरली बी न्हाई.”

“तुम्ही कसं ओळखता?”

“आमच्या आईनं दावलं. मी पोरास्नी दावलं. पर आता पोरं कुठं येत्यात माळाला?”

विजेचा आणि अळंबीचा संबंध आमच्याकडं सगळेच सांगतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठात अळंबीच्या लाकडी ओंडक्यांना विजेचे झटके देऊन बघितले तेव्हा पीक वाढल्याचं आढळलं. माळावरच्या विजांनी नेमकं काय होतं हा वेगळा प्रश्न, पण मामांचं निरीक्षण उडवून लावण्यासारखं नक्की नाही. मामांचं दुसरं सांगणं मला त्याहून मोलाचं वाटतं. त्यांच्याकडं एक जागा होती, एक जात होती, एक वेळ होती, आणि शिकवणारं माणूस होतं. या चारांपैकी एक जरी गळालं तरी अळंबी खाऊ नये.

शहरात लोक वेगळंच ऐकून असतात. लसणाबरोबर शिजवून लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचं नाणं काळं झालं तर विषारी, किडीनं खाल्लेली असेल तर चांगली. यातली एकही परीक्षा खरी नाही. काही छत्र्यांमधलं विष शिजवूनही जात नाही. माळावरून परतताना एका मैदानावर हिरवळीत मोठ्या पांढऱ्या छत्र्या होत्या, टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं. दिसायला अगदी बाजारातल्या अळंबीची थोरली बहीण. एक खुडून घरी आणली. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घेतला, टोपी त्यावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर पांढऱ्या अर्ध्यावर हिरवट ठसा उमटला होता, किरणांसारख्या रेघांचा. छत्र्यांच्या दुनियेत बीजाणूंचा हिरवा ठसा फार थोड्या जातींचा. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस दवाखान्यात पोचतो. पाऊस झाला की शाळेची मैदानं, बागा, मंदिराची आवारं, जिथं हिरवळ असेल तिथं ही उगवते. मुलांना ती दाखवावी आणि नाव सांगावं.

माळावरची माझी सगळ्यात आवडती छत्री मात्र उघडतच नाही. पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस तिचं नाव. लिनियसनं १७७१ साली तिची नोंद केली. वारुळाच्या आसपास, नाहीतर उघड्या मुरमात ती एकटी-दुकटी उभी असते. वीतभर उंच, पांढरा कडक देठ आणि वर लांबट बंद टोपी, अंगावर सुटे खवले. नवखा माणूस ती उमलायची वाट बघत बसतो. ती उमलत नाही, कारण कोरड्या मुलखात उघडी छत्री तासाभरात सुकून जाईल. पोडॅक्सिस आपले बीजाणू टोपीच्या आतच पिकवते. हळूहळू बाहेरचं कवच कागदासारखं वाळतं, खालून चिरतं, आणि वारा सुटेल तसतशी आतली काळपट भुकटी उडत राहते. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं, दिवाळी झाली, तरी तिचे वाळके देठ माळावर उभे दिसतात. राजस्थानात थरच्या वाळवंटात ही कोवळी असताना खातात, ‘खुंबी’ म्हणून बाजारात विकतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजात म्हातारे लोक हिची काळी भुकटी पिकल्या दाढीला लावत. आमच्या माळावर मुलं तिला लाथ मारून भुकटी उडवतात. बीजाणू पसरवायचं काम त्यानंही होतं, हे खरं.

तिचा फोटो काढताना मी उभ्या चौकटीत माळ मागं ठेवते. नुसती छत्री काढली तर ती कुठलीही असते. मागं कुसळी, मुरूम आणि दूरवर एखादी मालगाडी आली तर ती कुर्डुवाडीची होते. ओळख पटवायची तर मात्र सुंदर फोटो पुरत नाही. टोपी वरून, टोपीचा खालचा भाग, देठाचा बुंधा मातीसकट, बाजूला मापासाठी काडेपेटीची काडी, आणि ती कशावर उगवली आहे त्याचा फोटो, शेण असेल तर कुणाचं, लाकूड असेल तर कुठल्या झाडाचं, एवढं हवं. बरेच लोक वरून एक फोटो काढतात आणि नाव विचारतात. वरून दिसणाऱ्या पांढऱ्या टोप्यांमधून जात सांगणं कुणालाही जमत नाही.

वनविभागाच्या बनात उन्हाची भीती नसते, म्हणून दुपार तिथं. जुन्या बाभळीच्या खोडाला हाताच्या पंजाएवढ्या, लाकडासारख्या टणक कड्या येतात. वर काळपट, भेगाळलेल्या, खाली तपकिरी आणि मखमली. ही फेलिनस. ती झाडाच्या गाभ्यातलं लाकूड कुजवते, वर्षानुवर्षं त्याच जागी वाढत राहते. पडलेल्या सुबाभळीच्या फांद्यांवर सायझोफायलम कम्युन तर शेकड्यांनी. नखाएवढा पांढरा केसाळ पंखा, खाली गुलाबी-करडे कल्ले, आणि प्रत्येक कल्ला उभा चिरलेला. हवा कोरडी झाली की चिरलेल्या कडा आत वळतात आणि बीजाणू तयार होण्याची जागा झाकून घेतात. पाऊस आला की पुन्हा उघडतात. काचेच्या नळीत हवा काढून बंद केलेला वाळका सायझोफायलम पन्नासहून जास्त वर्षांनी भिजवल्यावर पुन्हा जिवंत झाल्याची नोंद आहे. दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला या बुरशीबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. मी माझ्या पाण्याच्या बाटलीतले चार थेंब एका वाळक्या पंख्यावर टाकले आणि दर काही मिनिटांनी फोटो घेत राहिले. कडा सावकाश सुटत गेल्या.

त्याच बनात कुजलेल्या काटक्यांवर सायथस सापडला. पाव इंचाची वाटी आणि तिच्या तळाशी काळपट चपट्या गोळ्या, पंगतीत द्रोणाच्या तळाला डाळीचे दाणे राहावेत तशा. पावसाचा टपोरा थेंब नेमका वाटीत पडला की गोळी उडून मीटरभर लांब जाते. आमच्यासारख्या ठिकाणी टपोऱ्या थेंबांचे दिवस किती थोडे, आणि त्या भरवशावर हा जीव बसलेला.

पुढच्या आठवड्यात नान्नजला गेले. कुर्डुवाडीहून बार्शी, तिथून वैराग आणि मग सोलापूरच्या रस्त्यावर नान्नज. बार्शीपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे. लहानपणी हे अंतर छोट्या गाडीनं जायचो, आता रुंद रुळांवरून एक्स्प्रेस गाड्या जातात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आधी त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि शेतं आली होती. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आमच्या माढा तालुक्यातले, करमाळा-मोहोळकडचेही तुकडे त्यात आहेत. ज्या पक्ष्यासाठी हे राखलं तो माळढोक गेल्या काही वर्षांत दिसणं दुर्मीळ झालंय. पण त्याच्या नावानं गवत राखलं गेलं, आणि त्या गवतात काळवीट आहेत, लांडगे आहेत, चंडोल आहेत.

परवानगी घेऊन, वनरक्षकाबरोबर आत गेले. ते म्हणाले, “लोक माळढोक विचारतात, लांडगा विचारतात. छत्री विचारणाऱ्या तुम्हीच.” काळवीट नर ठरावीक जागी लेंड्या टाकून आपली हद्द राखतो, त्यामुळं माळावर लेंड्यांचे पसरट ढीग असतात. मला ते ढीग बघायचे होते. पाऊस होऊन गेलेला, ढिगातल्या लेंड्या ओल्या, आणि त्यांच्यावर गायीच्या शेणावर दिसतात त्याच कुळातल्या पण आणखी नाजूक छत्र्या. एकेका लेंडीला एकेक. कुसळी आणि मारवेलीच्या मधे मी आडवी पडले तेव्हा पलीकडं माद्यांचा कळप चरत होता. अभयारण्यातून काहीही उचलायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं बीजाणूंचा ठसा घेण्याचा प्रश्नच नव्हता. फोटो घेतले, कुठल्या ढिगावर कुठल्या वेळी हे वहीत लिहिलं. गवत काळवीट खातो, लेंडी बुरशी खाते, उरलेलं गवताच्या मुळांना मिळतं. हे चक्र शाळेत फळ्यावर काढून मी मुलांना शिकवत आले, पण फळ्यावर त्याला वास नव्हता आणि ओल नव्हती.

बटलर आणि बिस्बी या अभ्यासकांनी १९३१ साली भारतातल्या बुरशींची मोठी यादी छापली. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथं जिवंत नमुने जपून ठेवलेले आहेत. अभ्यासकांनी आपलं काम केलं आहे, करत आहेत. पण अभ्यासक दर पावसाळ्यात प्रत्येक तालुक्याच्या माळावर पोचू शकत नाही. तिथं राहणारं माणूस पोचू शकतं. झड थांबली की दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तिथं असतं. माझ्या वहीत तारीख, जागा, पावसाचा अंदाज आणि फोटोचा क्रमांक एवढंच असतं. काही वर्षं सलग लिहिलं की कुठली छत्री कुठल्या नक्षत्रात येते हे दिसू लागतं. पोडॅक्सिस लवकर येते, पहिल्या चांगल्या पावसानं. सायथस उशिरा. वारुळावरची अळंबी ज्या वर्षी श्रावण कोरडा गेला त्या वर्षी आलीच नाही.

आता कटू भाग. ज्या वारुळावर त्या शेकडो छत्र्या मिळाल्या, त्याच्या पलीकडं पन्नास पावलांवर खड्डा आहे. मुरूम काढून नेलेला. जेसीबीला एक वारूळ मोडायला मिनिटही लागत नाही. वाळव्या पुन्हा वसतात, पण मोठं वारूळ तयार व्हायला वर्षं जातात आणि मुरूम तर परत येतच नाही. दुसरीकडं उन्हाळ्यात माळ पेटवतात, नवं गवत चांगलं येतं म्हणून. त्यात सगळ्या काटक्या, पालापाचोळा, वाळकी खोडं जळतात, म्हणजे बुरशीची पुढच्या वर्षाची शिदोरीच जळते. ऊसवाल्यांचा वाळवीवर राग आहे, बेणं खाते म्हणून. तो राग मला समजतो. शेतातल्या वाळवीचा बंदोबस्त त्यांनी करावा. पण गायरानातल्या वारुळात औषध ओतायचं काही कारण नाही. तिथली वाळवी आणि तिची बुरशी मिळून दरसाल किती गवत-काटक्यांची माती करतात, हे एखादं जुनं वारूळ पावसानं अर्धं ढासळलेलं असताना जवळ बसून बघावं.

सरकारी कागदावर हा माळ पडीक आहे. पडीक म्हटलं की कुणीही येऊन काहीही मागतं, कुणी मुरूम मागतं, कुणी जागा मागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, तेव्हा गायरानांबद्दल थोडे दिवस बोलणं झालं. पण गायरान राखायचं ते गुरांसाठी, एवढ्यावरच ते बोलणं थांबलं. गुरांसाठी राखायचंच. त्याच्याबरोबर वारुळासाठी, शेणावरच्या छत्रीसाठी आणि त्या बंद टोपीच्या पोडॅक्सिससाठीही राखायचं, असं ग्रामसभेत उभं राहून म्हणणारी माणसं हवी आहेत.

तुमच्या गावालाही गायरान असेल, स्मशानाकडचा माळ असेल, ओढ्याकाठची बाभळीची राई असेल. हस्ताचा पाऊस झाला की सकाळी लवकर तिकडं जा. मोबाईल चालतो, मोठा कॅमेरा लागत नाही. वरून, खालून, बुंध्यापासून फोटो घ्या, कशावर उगवली ते लिहा, तारीख टाका. तोंडात काही घालू नका. आणि गायरानातल्या मुरमाचा विषय ग्रामसभेपुढं येईल त्या दिवशी ते फोटो घेऊन सभेला जा.